डीलर, वितरक, एजंट की फ्रँचायझी? करारावर सही करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा : पुण्यात सिंहगड रस्त्यावर सहाशे चौरस फुटांचा स्वतःचा गाळा आहे. विद्युत दुचाकी बनवणारी एक कंपनी ५ लाख रुपये अनामत घेऊन ‘डीलरशिप’ द्यायला तयार आहे. तिने पाठवलेल्या मसुद्यात एका कलमात ‘डीलर’, दुसऱ्यात ‘फ्रँचायझी’ आणि सहीच्या जागी ‘चॅनल पार्टनर’ असं लिहिलं आहे. या शब्दांत खरंच फरक आहे का, आणि पाटीवर काय लिहायचं?

फरक आहे, आणि तो थेट तुमच्या खिशाला लागतो. म्हणून आधी शब्द नीट लावून घेऊ.

डीलर म्हणजे कंपनीचा माल स्वतःच्या पैशाने विकत घेऊन, स्वतःच्या नावाचं बिल फाडून गिऱ्हाइकाला विकणारा व्यापारी. असं करायचा लेखी अधिकार त्याला कंपनीने दिलेला असतो. त्या अधिकारालाही आपण डीलरशिप म्हणतो आणि त्यावर उभ्या राहिलेल्या धंद्यालाही. ‘डीलरशिप मिळाली’ म्हणताना अधिकार अभिप्रेत असतो, ‘बाणेरची डीलरशिप बंद झाली’ म्हणताना दुकान. बोलताना दोन्ही चालतं. करार मात्र फक्त अधिकाराचा होतो. गाळा, फर्निचर, कामगार, पडून राहिलेला माल हे सगळं तुमचं आणि तुमच्याच जोखमीवर. ‘अधिकृत विक्रेता’ हा डीलरसाठीचा सरळ मराठी शब्द.

एजंटचं तसं नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १८२ प्रमाणे एजंट दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करतो. माल कंपनीचा, बिल कंपनीचं, एजंटला कमिशन. पुण्यात ‘गॅसची एजन्सी’, ‘पेपरची एजन्सी’, ‘सिमेंटची एजन्सी’ असं सर्रास म्हणतात, पण त्यातले पुष्कळजण कायद्याने एजंट नसतातच. गॅस कंपन्यांच्या कागदावर त्यांचं नाव ‘वितरक’ असतं आणि सिमेंटवाला बहुतेक वेळा साधा डीलर असतो.

वितरक आणि डीलर यांच्यात फरक पायरीचा. कंपनीच्या कारखान्यातून माल डेपोत किंवा सी अँड एफकडे, म्हणजे कंपनीचा माल साठवून पुढे पाठवणाऱ्या गोदामवाल्याकडे येतो. वाघोली, फुरसुंगी, उरुळी देवाची या पट्ट्यातली मोठी गोदामं पुष्कळदा याच कामाची असतात. तिथला माल कंपनीचाच राहतो, गोदामवाल्याला हाताळणीचे पैसे मिळतात. तिथून तो वितरकाकडे जातो. औषधांच्या धंद्यात त्यालाच स्टॉकिस्ट म्हणतात. वितरक सहसा दुकानदारांना विकतो, गिऱ्हाइकाला नाही. डीलर गिऱ्हाइकाला विकतो. डीलरच्या हाताखाली सबडीलर असतो, आणि त्याचा कंपनीशी बहुधा काहीच करार नसतो. वाहनांच्या धंद्यात मधली वितरकाची पायरी सहसा नसते, कंपनी थेट डीलरला बिलिंग करते.

फ्रँचायझीत तुम्ही कंपनीचं नाव आणि काम करण्याची ठरलेली पद्धत वापरायला घेता, आणि त्यासाठी एकरकमी फी किंवा विक्रीवर रॉयल्टी देता. चहाची साखळी दुकानं, शिकवण्या, पूर्वप्राथमिक शाळा ही त्याची नेहमीची उदाहरणं. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात जे लिहिलं तेच चालतं. तुमच्या मसुद्यात ‘फ्रँचायझी’ हा शब्द आला असेल तर त्याच्या आसपास ‘ब्रँड फी’, ‘रॉयल्टी’, ‘परत न मिळणारी रक्कम’ असं काही दडलंय का ते आधी शोधा. डीलरची अनामत परत मिळते, फ्रँचायझी फी मिळत नाही. ५ लाख नेमके कोणत्या नावाने घेतले जाणार, हे पावतीवरही तसंच यायला हवं.

‘चॅनल पार्टनर’ला कायद्यात काही अर्थ नाही. विक्री खात्याच्या माणसांना तो शब्द आवडतो, कारण त्यात कोणतीच जबाबदारी ठरत नाही. मसुदा परत पाठवा आणि सगळीकडे ‘डीलर’ हा एकच शब्द लिहायला सांगा. पहिल्याच कलमात त्याची व्याख्या हवी : कोणता माल, कोणतं क्षेत्र, किती मुदत.

व्याख्या लिहून आली तरी एक कसोटी लावाच : सहा महिने न खपलेली गाडी कोणाची? तुमची असेल तर तुम्ही डीलर. कंपनी ती न कुरकुरता परत नेणार असेल आणि बिल तिच्याच नावाने फाटत असेल तर तुम्ही एजंट. वाद झाला की न्यायालय आणि कर खातं व्यवहाराचं स्वरूप पाहतात, नुसतं शीर्षक नाही. मोबाइल कंपन्यांच्या प्रीपेड वितरकांना मिळणारी सूट म्हणजे कमिशन, त्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर) कापायला हवा होता, असं आयकर खात्याचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मान्य केलं नाही, कारण ते वितरक स्वतंत्रपणे धंदा करत होते. एजंटच्या कमिशनवर मात्र टीडीएस कापला जातो (ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के) आणि जीएसटी सेवेच्या दराने लागतो. म्हणून करारात ‘प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल’ हे शब्द असतात. दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला व्यवहार, एवढाच त्याचा अर्थ.

एकाच टेबलावर दोन्ही भूमिका असू शकतात. गाडी विकताना तुम्ही डीलर. त्याच गिऱ्हाइकाचा विमा उतरवताना किंवा कर्जाची फाइल लावताना तुम्ही दुसऱ्याचं काम कमिशनवर करत असता. हिशोबाच्या वहीत या दोन्हींचे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

आता पैशांकडे येऊ. मार्जिनची टक्केवारी ऐकून निर्णय घेऊ नका, ती कशावर मोजली आहे ते विचारा. समजा गाडीची एक्स-शोरूम किंमत १,०५,००० रुपये आहे. विद्युत वाहनावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे मूळ किंमत १,००,००० आणि कर ५,०००. मार्जिन मूळ किमतीवर ६ टक्के असेल तर तुम्हाला गाडी ९४,००० अधिक ४,७०० कर, अशी ९८,७०० ला पडेल आणि एका गाडीमागे ६,००० सुटतील. दुकानात आणि गोदामात मिळून १५ गाड्या ठेवल्या तर १४,८०,५०० रुपये अडकले. वर्षाला १२ टक्के धरले तरी महिन्याचं व्याज जवळपास १४,८०० होतं. एक विक्रेता आणि एक मेकॅनिक यांचे मिळून ३६,०००, वीज आणि इतर किरकोळ खर्च ५,०००. गाळा स्वतःचा असला तरी भाडं धरा, कारण तो दुसऱ्याला दिला असता तर पैसे आलेच असते, ३५,००० धरू. बेरीज ९०,८०० च्या घरात जाते. महिन्याला १२ गाड्या विकल्या तर मार्जिन ७२,०००, म्हणजे सुमारे १८,८०० चा खड्डा. पंधराव्या गाडीपर्यंत खर्चच निघत नाही, सोळावीपासून काही सुटायला लागतं. अनामतीवरचं बुडालेलं व्याज यात अजून आलेलंच नाही. तुमचे आकडे वेगळे असतील. पण कंपनीच्या माणसाने दाखवलेल्या तक्त्यात व्याज आणि स्वतःच्या गाळ्याचं भाडं या दोन ओळी बहुधा नसतात, त्या तुम्ही घाला.

विक्रीवरचं मार्जिन एवढं बारीक असल्यामुळे दुचाकीचा डीलर खऱ्या अर्थाने सर्व्हिस, सुटे भाग आणि अ‍ॅक्सेसरीजवर तगतो. म्हणूनच वॉरंटीचं कलम मी मार्जिनच्या कलमाइतकंच महत्त्वाचं मानतो. बॅटरी किंवा कंट्रोलर वॉरंटीत बदलून दिला तर मजुरी कोण देणार, किती दिवसांत देणार, जुना भाग कंपनीला पाठवायचं भाडं कोणाचं? मसुद्यात ‘कंपनीच्या प्रचलित धोरणानुसार’ एवढंच लिहिलेलं असतं. ते धोरण परिशिष्ट म्हणून जोडून घ्या. क्लेम दाखल केल्यापासून ३० दिवसांत क्रेडिट नोट (तेवढी रक्कम तुमच्या खात्यावर जमा केल्याचा कंपनीचा कागद), असं वाक्य हवं. गिऱ्हाईक भांडायला तुमच्याच दारात येणार. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे आणि त्यात विक्रेत्याचीही जबाबदारी येते. गाडीत तुम्ही काही फेरफार केला, कंपनीने न दिलेली हमी तोंडाने दिली, किंवा उत्पादक कोण हेच सापडत नसेल, तर हात वर करता येत नाहीत. ग्राहक आता तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाखल करू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

टार्गेटचं कलम वाचताना ‘उचल’ आणि ‘विक्री’ यातला फरक बघा. कंपनी मोजते ती तुम्हाला केलेली बिलिंग. गिऱ्हाइकाला किती गेल्या, याच्याशी तिचा पहिला संबंध नसतो. महिनाअखेरीला स्कीमचं गाजर दाखवून दहा गाड्या जास्त गळ्यात मारतात, त्याला धंद्यात डंपिंग म्हणतात. टार्गेट किरकोळ विक्रीवर, म्हणजे नोंदणी झालेल्या गाड्यांवर धरायला सांगा. टार्गेट पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या सहलीवर हुरळून जाऊ नका. असा लाभ वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेला की १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस आहे, आणि त्याची किंमत तुमच्या उत्पन्नात धरली जाते.

सवलतीवरही एक शब्द. ठरवलेल्या किमतीखाली विकलंत तर दंड, असं कलम कंपनी घालू पाहते. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३(४) मध्ये पुनर्विक्रीची किंमत बांधून ठेवण्याचा उल्लेख आहे, आणि स्पर्धेला मारक ठरलं तर ते बेकायदा होतं. डीलरांनी द्यायच्या सवलतींवर असंच नियंत्रण ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं, पण अशी कलमं तपासली जातात एवढं त्यातून कळतं.

अनामतीबरोबर कोरे, सही केलेले चेक मागितले तर देऊ नका. द्यावेच लागले तर रक्कम आणि तारीख घालून, चेक क्रमांक करारात लिहून द्या. पुढे रक्कम भरून बँकेत लावलेला कोरा चेक वटला नाही तर चेक न वटण्याबद्दलच्या कलम १३८ चा खटला अंगावर येतो, आणि ‘तो फक्त सिक्युरिटीसाठी होता’ हे सिद्ध करता करता वर्षं जातात.

वाहनाच्या बाबतीत कंपनीचं पत्र एकटं पुरत नाही. परिवहन खात्याचं व्यापार प्रमाणपत्र, ज्याला सगळे ट्रेड सर्टिफिकेट म्हणतात, ते लागतं. कंपनी तुम्हाला नमुना १६-ए मध्ये डीलर म्हणून अधिकार देते. ते जोडून तुम्ही नमुना १६ मध्ये अर्ज करता आणि नमुना १७ मध्ये प्रमाणपत्र मिळतं. नोव्हेंबर २०२२ पासून त्याची मुदत पाच वर्षं आहे, पूर्वी एक वर्ष होती. सिंहगड रस्ता पुणे आरटीओच्या, म्हणजे एमएच-१२ च्या हद्दीत येतो. उद्या वाकडला दुसरं दुकान काढलंत तर एमएच-१४, पिंपरी-चिंचवड. ‘आमच्या मुख्य शोरूमचं सर्टिफिकेट आहे, त्यावरच विका’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने एका मोठ्या विद्युत दुचाकी कंपनीची ट्रेड सर्टिफिकेट नसलेली शोरूम बंद करायला लावली. तेव्हा कुलूप शोरूमच्या दाराला लागलं, कंपनीच्या मुख्यालयाला नाही.

कमी वेगाच्या गाड्यांना यातून सूट आहे. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग आणि २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेची मोटर असलेली गाडी नियमांच्या दृष्टीने मोटार वाहन ठरत नाही, म्हणून नोंदणी, लायसन्स, ट्रेड सर्टिफिकेट काही नको. पण ती खरोखर त्या मर्यादेत बसते, याचा चाचणी संस्थेचा दाखला हवा. आपल्याकडे कोथरूडला वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे, तिथला किंवा तशाच मान्य संस्थेचा. कंपनीकडून प्रत्येक मॉडेलच्या दाखल्याची प्रत घ्या आणि त्यावरचं मॉडेलचं नाव गाडीवरच्या प्लेटशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा. वेगमर्यादेची वायर काढून ‘४५ ने पळते’ असं सांगत विकलेल्या गाडीला ही सूट उरत नाही. अपघात झाला तर फेरफार करणारा म्हणून पहिलं नाव तुमचं येतं.

जाता जाता : मोटार वाहन अधिनियमातल्या ‘डीलर’च्या व्याख्येत गाडीची बॉडी बांधणारा, दुरुस्ती करणारा आणि भाडेखरेदीवर गाड्या देणाराही येतो. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या, नोंदणी झालेल्या गाड्यांच्या डीलरला वेगळं प्राधिकारपत्र लागतं. एक्स्चेंजमध्ये जुनी गाडी घेऊन विकणार असाल तर तेही काढा.

दुसऱ्या धंद्यांत हाच अधिकार वेगळ्या कागदावर असतो. कृषी सेवा केंद्रात खत ठेवायचं तर कंपनीचा किंवा घाऊक विक्रेत्याचा ‘ओ फॉर्म’, म्हणजे उगम प्रमाणपत्र लागतं आणि ते खात्याकडच्या नोंदीत चढवावं लागतं. नोंदीत नसलेल्या कंपनीची एक गोणी सापडली तरी विक्रीबंदीचा आदेश येतो. पेट्रोल पंपाचा माणूस डीलरच, पण जागा आणि टाक्या कंपनीच्या की त्याच्या, यावर त्याचं मार्जिन ठरतं. पेट्रोल पंप आणि गॅस या दोन्हींच्या नावाने खोट्या ‘डीलरशिप’चे मेल आणि फोन फार येतात. सरकारी तेल कंपन्या त्यासाठी जाहिरात देतात, ठरलेल्या संकेतस्थळावर अर्ज घेतात आणि गरज पडली तर सोडत काढतात. फोनवर ‘नोंदणी फी’ मागून कोणी पंप देत नाही. कोणत्याही डीलरशिपच्या बाबतीत पैसे भरण्याआधी बँक खात्याचं नाव कंपनीच्या जीएसटी नोंदणीतल्या नावाशी ताडून पाहा. व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात अनामत मागितली की तिथेच थांबा.

पाटीवर काय लिहायचं? वर तुमच्या फर्मचं नाव, खाली ‘अमुक कंपनीचे अधिकृत विक्रेते’. सर्व्हिसचा अधिकार वेगळा मिळाला असेल तरच ‘विक्री व सेवा’. पुष्कळ करारांत दोन्ही वेगवेगळे असतात आणि लोक सवयीने दोन्ही लिहून टाकतात. ‘वितरक’ लिहू नका, कारण मग आजूबाजूचे दुकानदार तुमच्याकडे घाऊक भाव मागायला येतील आणि कंपनी क्षेत्राबाहेर विकल्याची नोटीस काढेल. खरा माल बाजारातून विकत घेऊन विकायला कोणाच्या परवानगीची गरज नसते. तापकीर गल्लीतली किती तरी दुकानं सचोटीने तेच करतात. पण परवानगी नसताना ‘अधिकृत’ म्हणणं आणि कंपनीचं बोधचिन्ह पाटीवर वापरणं हे व्यापारचिन्ह कायदा आणि ग्राहक कायदा, दोन्हींच्या कचाट्यात येतं. अधिकारपत्राची मुदत संपली की तो शब्द पाटी, बिलबुक, व्हिजिटिंग कार्ड आणि गूगलवरचं दुकानाचं पान या चारही ठिकाणांहून काढावा लागतो. शेवटचं बहुतेकजण विसरतात आणि नोटीस त्याचीच येते.

सगळ्यात जास्त वेळ मात्र बाहेर पडण्याच्या कलमावर घालवा. जवळपास प्रत्येक करारात ३० किंवा ६० दिवसांची नोटीस देऊन कारण न सांगता डीलरशिप काढून घेण्याची मुभा असते. अशा कराराच्या बाबतीत न्यायालय डीलरशिप परत मिळवून देत नाही. अमृतसरच्या एका गॅस वितरकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुमारास स्पष्ट केलं की नोटिशीच्या ३० दिवसांचं नुकसान, एवढीच भरपाई मिळेल. कंपनीच देश सोडून जाते तेव्हा तर बोलायची सोय नसते. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन आवरतं घेतलं, आणि लाखो रुपये खर्चून शोरूम उभारलेले डीलर भरपाईसाठी बोलणी करत बसले. जनरल मोटर्सचा कारखाना इथून तासाभरावर, तळेगावला होता. विद्युत दुचाकीत तर नव्या कंपन्या भराभर येतात आणि तितक्याच भराभर दिसेनाशा होतात.

म्हणून नोटीस किमान ९० दिवसांची मागा. करार संपल्यावर ३० दिवसांत न विकलेल्या गाड्या आणि न उघडलेले सुटे भाग खरेदी किमतीला परत घेऊन पैसे देण्याचं कलम घाला. अनामत किती दिवसांत परत आणि उशीर झाला तर किती टक्के व्याज, हेही लिहा. कंपनीच्या सांगण्यावरून केलेला फर्निचरचा खर्च पाच वर्षांत भागून, उरलेल्या वर्षांचा हिस्सा कंपनीने द्यावा, असं मागून पाहा; लहान कंपनी डीलरसाठी धडपडत असेल तर ती कबूलही होते. माल परत जाताना जीएसटीकडे लक्ष ठेवा. कंपनी क्रेडिट नोट काढून कर समायोजित करू शकते, पण आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच. त्यानंतर परतीचा माल तुम्हाला तुमच्याच कर बिलावर परत विकावा लागेल, आणि ते बिल स्वीकारायला कंपनी बांधील आहे हे करारात नसेल तर गाड्या तुमच्याच गाळ्यात राहतील.

थकलेल्या क्लेमसाठी उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा आधार मिळेल असं समजू नका. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम मिळतं, पण ते प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरतं. उशिरा देणी देणाऱ्याविरुद्धची सोय व्यापाऱ्याला त्यात नाही. तेव्हा वसुली करारावरच करावी लागणार, आणि मसुद्यात ‘वादाचे न्यायक्षेत्र गुरुग्राम’ किंवा ‘बेंगळुरू’ असं असेल तर दीड-दोन लाखांच्या क्लेमसाठी तिथे वकील लावणं परवडत नाही. लवाद असो वा न्यायालय, ठिकाण पुणे लिहून घ्या. ५०० रुपयांच्या स्टँपवर दोन प्रती करा, दोन्हींच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या, आणि कंपनीतर्फे सही करणाऱ्याला तसा अधिकार असल्याचा संचालक मंडळाच्या ठरावाचा कागद मागा. विभागीय विक्री अधिकाऱ्याची सही पुरत नाही.